मी कोट छपरावरच घालतो

मित्रांनो, मी एक जुना विषाणू आहे. चामखिळीचा. ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं, म्हणजे पुढचं नीट ऐकता येईल.

मोडकी खुर्ची, फाटकी छत्री, गंजलेली सायकल यांची गाऱ्हाणी तुम्ही वाचली असतील. सुरुवातीला ती सगळी मंडळी चकचकीत असतात आणि शेवटी 'आम्हाला जपा' म्हणून गळा काढतात. मी कधीच चकचकीत नव्हतो आणि गळाही काढणार नाही. एकतर मला गळा नाही. दुसरं म्हणजे, मला जपायचं काम तुम्ही न सांगता करत आला आहात. माणूस दोन पायांवर उभा राहिला तेव्हा आमचं खानदान त्याच्या कातडीत आधीच मुक्कामाला होतं. त्यामुळे मला कुणी उपरा म्हणू नये. भाडेकरू म्हणा हवं तर. जुना भाडेकरू काय चीज असतो, ते तुमच्या वडिलांना विचारा.

माझी इस्टेट म्हणाल तर एक इवलंसं गोल कडं. त्यावर जेमतेम आठ गोष्टी लिहिलेल्या आहेत. शास्त्रज्ञ त्यांना जनुकं म्हणतात. तुमच्याकडे अशी वीसएक हजार आहेत, आणि तरी तुम्हाला सकाळी दुसरा मोजा सापडत नाही. मी आठांत भागवतो. कारण कोणती गोष्ट कुठल्या मजल्यावर वाचायची, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मजले म्हणजे तुमची कातडी. ती एक उंच कचेरी आहे. तळमजल्यावर नव्या पेशी जन्माला येतात. त्या ताज्या, ओल्या आणि कामसू असतात, सारख्या एकाच्या दोन होत असतात. मग त्यांना बढती मिळते. त्या एकेक मजला वर सरकतात. जसजशा वर जातात तसतशा चपट्या होतात, काम सोडतात, टणक होतात आणि अगदी वर पोचेपर्यंत आतून पार रिकाम्या होतात. मग त्यांचा कोंडा होऊन गळून पडतो. मी इतर कचेऱ्यांबद्दलही ऐकलं आहे. सगळीकडे साधारण हीच पद्धत दिसते.

मी येतो तो थेट तळमजल्यावर. वरून दार ठोठावून उपयोग नसतो, कारण वरचे सगळे आधीच गेलेले असतात. खाली उतरायला एखादा ओरखडा लागतो, एखादी बारीकशी चीर लागते.

ती चीर मला मासळीबाजारात मिळाली. तिथे एक बाई मासे कापून, साफ करून देत असे. सगळा बाजार तिला मावशी म्हणायचा, तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. दगडी ओटा, ओट्यावर बर्फ, खाली पाण्याची बादली आणि हातात रुंद पात्याची सुरी. पण तिची खासियत सुरीत नव्हती. ती होती डाव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटात. तुकडा कापून झाला की मावशी डोळे मिटायची आणि ते बोट तुकड्यावरून अलगद फिरवायची. आत दडलेला केसाएवढा काटासुद्धा त्या बोटाला लागायचा. मग चिमट्याने ओढून काढायचा आणि पुन्हा एकदा बोट फिरवायचं. घरात तान्हं मूल नाहीतर दात गेलेलं म्हातारं माणूस असलं की लोक बाजाराच्या दुसऱ्या टोकाकडून तिच्याकडे येत. ती हातमोजे घालत नसे. हातमोज्यातून काटा लागत नाही.

शेजारी बर्फवाला बसायचा. पोती फाडायला तो मावशीची सुरी उसनी नेई आणि ओल्या हाताने परत आणून देई. त्याच्या हातांवर आमच्यातले बरेच जण नांदत होते. तसाच मी सुरीच्या मुठीवर आलो. त्याच सकाळी एका माशाच्या पराचा काटा मावशीच्या त्या बोटाला नखाच्या कडेशी टोचला. मासा बिचारा निर्दोष होता. आम्ही माशांत राहत नाही. आम्ही माणसाशी एकनिष्ठ आहोत.

तर तळमजल्यावर जाऊन मी काय केलं? काही नाही. हेच माझं शौर्य. येताना माझ्या अंगावर प्रथिनाचा कोट असतो, तो काढून टाकला आणि कडं तेवढं आत नेलं. त्याच्या थोड्याशाच प्रती केल्या. पेशी दुभंगली की दोन्ही लेकींना वाटणी मिळेल, एवढ्याच. तिथे आरडाओरडा केला असता तर तुमच्या रक्तातले पहारेकरी काठ्या घेऊन धावले असते. म्हणून नुसती कुजबुज. माझंच एक जनुक बाकीच्यांवर वचक ठेवून असतं. आवाज चढला की दटावतं.

माझं कडं वाचायचीही एक पद्धत आहे. पेशीची यंत्रणा त्यावरून एकाच दिशेने एक लांबलचक पट्टी नकलून घेते. मग त्या पट्टीला कात्री लागते. इथलं कापायचं, तिथलं जोडायचं, की झाला एक निरोप तयार. तीच पट्टी वेगळ्या जागी कापली की वेगळा निरोप. मावशी नाही का एकाच माशातून कुणाला डोकं देते, कुणाला शेपूट आणि कुणाला मधले तुकडे. काटकसर म्हणजे काय, हे कुणी आम्हा दोघांना शिकवायला येऊ नये.

मधल्या मजल्यांवर मात्र कुजबुजून चालत नाही. तिथल्या पेशींना निवृत्तीचे वेध लागलेले असतात. मला ते परवडत नाही, कारण नकला काढायची यंत्रं त्यांच्याकडे असतात आणि निवृत्त होताना त्या ती बंद करून जातात. म्हणून माझी दोन जनुकं तिथे पेशीला गाठतात आणि म्हणतात, "इतक्यात कुठे निघालात? बसा, अजून काम आहे." पेशी भिडस्त असतात. बसतात. यंत्रं चालू राहतात, माझ्या हजारो प्रती निघतात आणि थरांवर थर चढून कातडी जाड होते. तिलाच तुम्ही चामखीळ म्हणता. मी तिला कारखाना म्हणतो.

आणि अगदी वर, छपराखाली, जिथे पहारेकरी फिरकत नाहीत, तिथे माझी शेवटची दोन जनुकं वाचली जातात. ती कोट शिवतात. त्याआधी नाही. तळमजल्यावर कोटाचा निरोप चुकून निघालाच तर तो वाटेतच फाडून टाकला जातो, इतकी कडक शिस्त. मी कोट छपरावरच घालतो. मित्रांनो, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे मावशीचं बोट तिच्यावर टांगलेलं आहे.

कोट घातला की मी तयार. वरची पेशी कोंडा होऊन गळते आणि मी तिच्याबरोबर बाहेर पडतो. मी कुणाला मारत नाही. जे निघालेलेच असतात त्यांच्या गाडीत बसतो, इतकंच.

तर कारखाना वाढला. नखाच्या कडेने आधी एक खडबडीत दाणा आला, मग त्याला आणखी दाणे फुटले. बर्फवाला ओट्याला टेकून म्हणाला, "मावशी, बोटावर फ्लॉवर उगवलाय की. वजनात धरता का?"

"धरते तर. तू बर्फाच्या भावात पाणी विकतोस, मी माशाच्या भावात फ्लॉवर विकते."

"माझ्याही हाताला आहेत तसल्या. घोड्याचा केस बांधा, आपोआप गळून पडतं."

"मग तुझ्या का नाही गळल्या?"

"घोडा कुठे मिळतोय," बर्फवाला म्हणाला आणि मावशीची सुरी उचलून घेऊन गेला.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग एका सकाळी एक गिऱ्हाईक आलं. नेहमीचं, नातीसाठी मासा नेणारे एक आजोबा. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली, ओट्यावर ठेवली आणि उलगडली. आत एक काटा होता. बारीक, वाकडा.

"नातीच्या घशात लागला. निघाला लगेच," आजोबा म्हणाले. "म्हटलं, तुम्हाला सांगावं. रागावलो नाहीये मी."

रागावले असते तर बरं झालं असतं. मावशीने काटा उचलून पाहिला, मग आपलं बोट पाहिलं. माझ्या कारखान्याने त्या बोटाची जाण बोथट केली होती. मला वाईट वाटलं का? नाही. मी विषाणू आहे, वाईट वाटायचं जनुक त्या आठांत नाही. पण ती गोष्ट मावशीला किती लागली हे मला अगदी जवळून कळलं, कारण त्या बोटातली नाडी माझ्या खालीच उडत होती.

मावशीची सून शहरात बस चालवते. सबंध दिवस माणसांना आत सरका म्हणून सांगायची सवय असल्यामुळे घरातही तिचं म्हणणं कुणी टाळत नाही. तिने बोट बघितलं. नखाखालून रक्त येऊ लागलं होतं.

"आई, उद्या ओटा बंद. दवाखाना."

"ओटा माझ्या लग्नाच्या आधीपासून बंद नाही."

"मग त्यालाही कळू दे सुट्टी काय असते ते."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बोट उलटंसुलटं करून पाहिलं, चामखिळीचा एक तुकडा काढून बाटलीत टाकला आणि तपासायला प्रयोगशाळेत पाठवला. त्या तुकड्यात मी होतो. उरलेल्या बोटातही मीच होतो. तुम्हाला एका वेळी एकाच ठिकाणी असावं लागतं, हा तुमचा दोष आहे.

प्रयोगशाळेत कातडीचा तुकडा वितळलेल्या मेणात बसवतात. मेण गोठलं की ठोकळा होतो. मग त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून काचेवर घेतात आणि रंगवतात. नियम असा की कातडीचा तुकडा कडेवर उभा बसवायचा, फळीवर पुस्तक ठेवतात तसा. म्हणजे तळमजल्यापासून छपरापर्यंत सगळे मजले एकाच कापात दिसतात. पण चामखिळीचा तुकडा सगळीकडून सारखाच खडबडीत. वरची बाजू कुठली आणि कड कुठली, हे तिथल्या तंत्रज्ञाला नीट कळलं नाही. त्याने मला आडवा झोपवला, बर्फावर मासा निजवतात तसा, बूड वर करून. आणि बुडापासून काप काढायला सुरुवात केली. छपरापर्यंत तो पोचलाच नाही. छप्पर मेणातच राहिलं.

काच गेली मोठ्या बाईंकडे. मोठ्या बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर नुसती गर्दी. एकाच्या दोन होणाऱ्या पेशींची दाटी, आणि खालच्या मांसात त्यांची सुटी सुटी बेटं. पेशी आपली जागा सोडून खोल शिरतायत, असं दिसत होतं. खरं तर तळमजल्याची जमीन सपाट नसते, घड्याघड्यांची असते. आडवी सुरी चालवली की त्या घड्यांचे शेंडे कापले जातात आणि बेटांसारखे दिसतात. पण बाईंनी आणखी एक परीक्षा केली. माझा कोट जिथे असेल तिथे तपकिरी रंग चढवणारं एक औषध असतं, ते लावलं. तपकिरी काही दिसेना. कसं दिसणार? मला तळमजल्यावर गाठून विचारत होत्या, कोट कुठे आहे म्हणून.

बाईंनी लिहिलं, विषाणू नाही, कर्करोगाचा दाट संशय.

आता इथे मला स्पष्ट बोलू द्या. आमच्या खानदानात काही दिवटे आहेत. त्यांचं कडं कधीकधी तुटतं आणि माणसाच्या स्वतःच्या जनुकांच्या धाग्यात अडकून बसतं. तुटताना पुष्कळदा नेमकं ते वचक ठेवणारं जनुकच मोडतं. मग 'बसा, अजून काम आहे' म्हणणारी ती दोघं तळमजल्यावरच बेफाम ओरडत सुटतात. पेशी वर सरकायचं विसरतात, नुसत्या वाढत राहतात. त्यातून कित्येक वर्षांनी कर्करोग होतो. छप्पर धड होत नाही, म्हणून कोट होत नाही, म्हणून त्या दिवट्याचा वंशही तिथेच बुडतो. माणूसही गेला आणि भाडेकरूही गेला. असला आतबट्ट्याचा संसार आम्ही करत नाही, आणि त्यांना आम्ही लग्नकार्याला बोलावतही नाही. त्यांचं पाप माझ्या साध्या कारखान्याच्या माथी लागलं याचा मला राग आला. आणि गंमत बघा, मी हजर असून नाही असं ठरवल्यामुळे लागलं.

डॉक्टरांनी मावशीला समोर बसवलं. सून शेजारी उभी होती.

"मावशी, बोटाचं टोक काढावं लागेल. पहिल्या पेरापर्यंत."

"कुठल्या बोटाचं?"

"ह्याच."

मावशीने दोन्ही हात टेबलावर पसरले. "दुसरं कुठलंही घ्या. हवी तर दोन घ्या."

"असं नसतं हो, मावशी."

"ज्यांनी तुकडा बघितला त्यांना परत बघायला सांगा."

"मोठ्या बाई फार अनुभवी आहेत. त्या सहसा चुकत नाहीत."

"मीपण नाही चुकत. तरी गिऱ्हाइकाला देण्याआधी तुकड्यावरून परत बोट फिरवते." मावशीने त्या बोटाकडे पाहिलं. "फिरवत होते. त्यांना म्हणावं, एकदा माझ्यासाठी फिरवा."

"उशीर झाला तर आजार पसरू शकतो."

"बघायला किती वेळ लागतो?" सुनेने विचारलं. "तेवढा थांबू. त्याच्या आधी सही नाही. आणि परत तेच निघालं तर आईंना मी स्वतः घेऊन येईन, उचलून आणावं लागलं तरी."

"उचलून बघ," मावशी म्हणाली.

मित्रांनो, त्या क्षणी मला मावशीबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. पहारेकऱ्यांपुढे न वाकणं मला समजतं. आम्ही दोघं एका बोटात राहत होतो हे काही उगाच नाही.

निरोप प्रयोगशाळेत गेला. मोठ्या बाईंच्या कपाळावर आठी पडली, पण त्यांनी काच पुन्हा लावली. पुष्कळ वेळ इकडून तिकडे सरकवली. मग डोकं वर न काढता तंत्रज्ञाला हाक मारली.

"ह्याला छप्पर कुठंय रे?"

"म्हणजे काय, बाई?"

"कातडी आहे ना ही? मग वरचा टणक थर कुठंय? तळ आहे, मांस आहे. वर काहीच नाही. तुकडा बसवलास कसा?"

"नेहमीसारखा."

"नेहमीसारखा म्हणजे उभा?"

तंत्रज्ञाने ठोकळा आणून उजेडाकडे धरला, असा फिरवला, तसा फिरवला. "आडवा बसलाय बहुतेक."

"बहुतेक नाही. चांगला गाढ झोपलाय. आणि मी त्याचे तळवे बघून त्याच्या चेहऱ्याबद्दल लिहून मोकळी झाले." बाईंनी चष्मा काढला. "तुझी चूक अर्धी, माझी पुरती. वितळव मेण. उभा कर त्याला."

मेण वितळलं. मी उभा राहिलो. या वेळी सुरी वरपासून खालपर्यंत गेली आणि सगळी कचेरी एका काचेवर उतरली. खाली कामसू पेशी, ओळीत, आपापल्या जागी. कुठेही बेटं नाहीत. मधे भिडस्त मंडळी, फुगलेली, जागच्या जागी बसवून ठेवलेली. आणि बाईंनी ते औषध लावल्यावर अगदी वर, छपराखाली, तपकिरी रंगात मी. कोट घालून, रांगेने, ताठ. मी लपलो नाही. मला लपायचं कारणच नव्हतं. मी नेहमीच तिथे होतो, तुम्ही जिना चढला नव्हता.

"चामखीळ," मोठ्या बाई म्हणाल्या. "साधी, सरळ, निर्लज्ज चामखीळ."

मी ते विशेषण कौतुक म्हणून ठेवून घेतलं आहे. डॉक्टरांना त्यांनी स्वतः फोन केला. आधीचं रद्द करा म्हणाल्या, आणि चूक कुणाची तेही सांगितलं. तर मी पकडला गेलो आणि म्हणून मावशीचं बोट राहिलं. त्याबद्दल आजतागायत कुणी माझे आभार मानलेले नाहीत.

उलट त्यांनी मला गोठवलं. वाफा सोडणारं एक पातळ, भयंकर थंड द्रव्य काडीला लावून कारखान्यावर टेकवायचं. बोट पांढरं पडायचं, मग त्यावर फोड यायचा. पुन्हा बोलवायचे, पुन्हा टेकवायचे. मावशी ओठ घट्ट मिटून बसायची आणि बाजारात येऊन बर्फवाल्याला सांगायची, "तुझा बर्फ म्हणजे कोमट पाणी रे. खरा माल दवाखान्यात आहे." बर्फवाला त्या माऱ्याला भिऊन बरेच दिवस दवाखान्यात गेला नाही. शेवटी मावशीने त्याला सुरी द्यायचं बंद केलं, तेव्हा गेला.

कारखाना सुकला, काळा पडला आणि गळाला. खाली कोवळी, गुलाबी कातडी आली. त्या कातडीला आधी वाराही बोचायचा. मग एका सकाळी मावशीने एक तुकडा कापला, डोळे मिटले आणि बोट फिरवलं. मधेच थांबली. चिमटा उचलला आणि एक काटा ओढून काढला. तो जुन्या काट्याहून बारीक होता. तिने पुन्हा बोट फिरवलं, मग आणखी एकदा, आणि तुकडा बांधून समोरच्या आजोबांच्या हातात दिला.

"नातीला द्या," ती म्हणाली. "बिनधास्त."

मित्रांनो, मी हरलो अशी समजूत करून घेऊ नका. मावशीच्या त्या कोवळ्या कातडीच्या तळमजल्यावर माझं एखादं कडं अजून कुजबुजत असेल किंवा नसेल. मी सांगणार नाही. माझे लाखो भाऊबंद या घटकेला तुमच्यातल्या कुणाच्या तरी टाचेखाली कोट शिवत आहेत. तुम्ही मला संपवलेलं नाही.

पण एक गोष्ट मान्य करावी लागते. त्या दिवट्या भावंडांसाठी तुम्ही लस काढली आहे. तिच्यात काय असतं ठाऊक आहे? कोट. नुसते रिकामे कोट, आत कडं नाही की काही नाही. जो कोट आम्ही युगानुयुगं फक्त छपरावर, पहारेकऱ्यांची नजर चुकवून घातला, तो तुम्ही कारखान्यात शिवून सुईने थेट पहारेकऱ्यांपुढे नेऊन ठेवता आणि म्हणता, हे कपडे नीट बघून ठेवा. मला याचा फार संताप येतो. एवढी लबाडी मला सुचायला हवी होती. तुमची पाळी आली की ती सुई टोचून घ्या. मला त्यात काही तोटा नाही, ती माझ्या जातीसाठी नाही. हात कोरडे ठेवा. चामखीळ दातांनी कुरतडू नका. दुसऱ्याच्या ओल्या हातातली सुरी पुसल्याशिवाय घेऊ नका. मी हे प्रेमाने सांगत नाही. तुल्यबळ भाडेकरू आणि मालक असले की राहण्यात मजा असते.

मोठ्या बाईंनी तो मेणाचा ठोकळा टाकला नाही. तो त्यांच्या टेबलावर असतो. नवीन कुणी शिकायला आलं की त्या तो त्याच्या हातात देतात आणि विचारतात, "छप्पर कुठंय, सांग." त्या ठोकळ्यातून मी हे सगळं सांगतो आहे. इथे ना पेशी वर सरकते, ना काही वाचलं जातं. अंगावर कोट आहे, आणि तो मी काढणार नाही.

इतर सगळे शेवटी जपायची विनंती करतात. माझी विनंती नाही, ताकीद आहे. मला जाळा, गोठवा, सुईने हुसकावून लावा, ते तुमचं काम. पण माझ्याबद्दल काही लिहायचं असेल तर आधी मला उभा करा. आडवा पाडून माझ्याविषयी एक अक्षर लिहायचं नाही.